गार्गीचा दुसरा प्रश्न

एरंडोल ही महाभारतातील एकचक्रा नगरी होय, अशी खानदेशात जुनी लोकश्रुती आहे. तिचा ऐतिहासिक निवाडा करण्याचे आम्हांस येथे प्रयोजन नाही. परंतु त्या कथेतील एक भाग, जो उरकून घेऊन कथा सांगणारे बहुधा भीमाच्या गाड्याकडे वळतात, तो अलीकडे आमच्या मनात वारंवार येतो. बकासुराकडे माणूस पाठविण्याची पाळी ज्या ब्राह्मणाच्या घरावर आली, त्या घरात आपल्यापैकी कोणी जावे याचा विचार सुरू झाला. बाप म्हणाला, मी जातो. आई म्हणाली, मी जाते. तेव्हा त्यांची कन्या बोलू लागली, आणि तिने जे सांगितले तो शोक नव्हता, युक्तिवाद होता. कन्या ही केव्हा तरी परक्यास द्यावयाचीच असते. जिचा त्याग ठरलेलाच आहे तिचा आज त्याग केल्याने इतर सर्वांचे रक्षण होत असेल, तर तेच योग्य, असा तिच्या बोलण्याचा आशय. प्रतिज्ञा, हेतू, निगमन, सर्व यथास्थित. त्या कन्येच्या तर्कबुद्धीत काहीच न्यून नव्हते. दोष होता तो तिच्या हाती आयत्या दिलेल्या पहिल्या विधानात. आणि ते विधान तपासून पाहण्याची मुभा तीस कोणी दिली नव्हती.

ही कथा आठवण्यास निमित्त झाले ते असे. आमच्या परिचयाचे एरंडोलचे एक गृहस्थ आपल्या मुलीस घेऊन आमच्याकडे आले. गृहस्थ शाळेत शिक्षक आहेत, घरी थोडी कपाशीची शेती आहे. मुलगी तत्त्वज्ञान हा विषय घेऊन बी. ए. झाली असून तीस त्याच विषयात एम्. ए. आणि पुढे संशोधन करावयाचे आहे. घरात दोन मते पडली होती. आप्तांचे म्हणणे, जे ठिकाण घराजवळ असेल ते बरे. तिच्या महाविद्यालयातील शिक्षकांचे म्हणणे, ज्या विभागाचे नाव मोठे असेल तेथेच जावे. वडील म्हणाले, "आपण सांगाल तेथे पाठवू." मुलगी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "काका, नाव कोणाचे मोठे हे मला विचारून कळेल. पण माझे चुकले तर जेथे माझी चूक मला दाखवतील, आणि बरोबर असले तर माझे ऐकून घेतील, अशी जागा कोणती, हे कसे ओळखावयाचे?"

आम्हांस तत्काळ उत्तर देता आले नाही, आणि या संकोचास कारण होते. काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातील एका मुलीने आमचा सल्ला विचारिला होता, आणि आम्ही क्षणाचाही विलंब न लावता एका नामांकित विभागाचे नाव सांगून मोकळे झालो होतो. दुसऱ्या वर्षी तिचे पत्र आले. चर्चासत्रात ती बोलू लागली की कोणी तरी तिचे वाक्य अर्ध्यावर तोडी; तोच मुद्दा थोड्या वेळाने दुसरा विद्यार्थी मांडी आणि तो त्याच्या नावावर जमा होई; मार्गदर्शक प्रबंधाची प्रगती विचारण्याऐवजी लग्न केव्हा करणार हे विचारीत. यांपैकी एकही गोष्ट अशी नव्हती की जिची तक्रार कागदावर लिहून कोठे द्यावी. आम्ही उत्तर लिहिले की, विद्येसाठी थोडे सोसावे लागते. तिने सोसले, आणि तिसऱ्या वर्षी विषयच सोडून दिला. आज ती दुसऱ्या व्यवसायात सुखी आहे आणि आमच्यावर तिचा रोष नाही. तथापि त्या उत्तराची आठवण झाली की आम्हांस लाज वाटते. आम्ही एकचक्रेच्या कन्येचेच विधान तिच्या हाती पुन्हा दिले होते.

म्हणून हा प्रश्न येथे सविस्तर विचारात घेण्याचे आम्ही योजिले आहे. स्त्रीने तत्त्वज्ञानाच्या उच्च अध्ययनासाठी पोषक स्थान कसे निवडावे? आणि त्याहून खोल प्रश्न हा की, ही निवड करण्याचा भार तिच्यावर टाकणे कितपत न्याय्य आहे?

खानदेशास हा विषय परका नाही. एरंडोलपासून जवळच असलेल्या अमळनेर येथे श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना केली. गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या त्या गावात वेदान्ताच्या अध्ययनासाठी देशभरातून विद्वान येऊन राहिले. साने गुरुजी काही काळ तेथे होते. प्रा. जी. आर. मलकानी यांनी ती संस्था दीर्घकाळ सांभाळली. कृष्णचंद्र भट्टाचार्य, धीरेंद्रमोहन दत्त, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती ही नावे तिच्याशी निगडित आहेत. १९२५ पासून तेथून 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. १९३३ साली मलकानी, दास आणि मूर्ती या तिघांनी मिळून 'अज्ञान' या नावाचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. विषय एकच, अद्वैतातील अज्ञानाची कल्पना. परंतु तिघांनी तो आपापल्या परीने मांडिला आणि तिघांचे एकमत झाले नाही. मतभेद मिटविल्यावाचून ते एकाच पुठ्ठ्यात बांधले गेले, ही गोष्ट आम्हांस त्या मंदिराच्या वास्तूहूनही मोठी वाटते.

योगायोग असा की त्याच १९१६ साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी पुण्याजवळ महिला विद्यापीठाची स्थापना केली. महाराष्ट्रात एकाच वर्षी दोन द्वारे उघडली. एक तत्त्वचिंतनाचे, दुसरे स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचे. परंतु ही द्वारे एकाच घरास नव्हती. अमळनेरची जी नावे वर दिली ती सर्व पुरुषांची आहेत. यात त्या संस्थेस विशेष दोष देण्याचे कारण नाही. त्या काळी जगात सर्वत्र हेच चित्र होते. अडचण ही की, इतर विषयांतील चित्र बदलले तितके या विषयातील बदलले नाही. अमेरिकेसारख्या देशात मानव्यविद्यांच्या बहुतेक शाखांत डॉक्टरेट मिळविणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास स्त्रिया असतात. तत्त्वज्ञानात मात्र हे प्रमाण एकतृतीयांशाच्या आसपासच राहिले आहे. ज्या विद्येस कोणतीही प्रयोगशाळा लागत नाही, अंगबळ लागत नाही, केवळ प्रश्न आणि उत्तर एवढेच लागते, तीतच असे का व्हावे?

याचे उत्तर आमच्या मते त्या 'प्रश्न आणि उत्तर' या व्यवहारातच आहे. रसायनशास्त्रात प्रयोग विद्यार्थ्याच्या बाजूने साक्ष देतो; इतिहासात कागद देतो. तत्त्वज्ञानात साक्षीदार कोणी नाही. तेथे माणसाचे म्हणणे दुसऱ्या माणसाने गंभीरपणे ऐकून घेतले, तरच ते म्हणणे उभे राहते. ज्याचे ऐकलेच जात नाही त्याचा युक्तिवाद चूक ठरत नाही, तो घडतच नाही. म्हणून सभा कशी आहे हा प्रश्न या विद्येत सोयीचा नसून विद्येच्या अस्तित्वाचा आहे.

बृहदारण्यक उपनिषदातील जनकाच्या सभेचे वर्णन वाचकांस ठाऊक आहेच. तेथे गार्गी वाचक्नवी याज्ञवल्क्यास विचारू लागते की, हे सर्व ज्यात ओतप्रोत आहे ते स्वतः कशात ओतप्रोत आहे? एकेक पायरी चढत ती ब्रह्मलोकांपर्यंत जाते. तेव्हा याज्ञवल्क्य तीस बजावितो की, अतिप्रश्न करू नकोस, तुझे मस्तक गळून पडेल. गार्गी गप्प बसते. बहुतेक लोक ही कथा येथवरच सांगतात. कोणी त्यात स्त्रीचा अधिक्षेप पाहतात, कोणी तर्काची मर्यादा पाहतात. परंतु उपनिषद येथे थांबत नाही. मध्ये दुसऱ्याचा संवाद होऊन गेल्यावर गार्गी पुन्हा उठते. ती सभेची अनुज्ञा मागते, सभा तीस 'विचार' म्हणते, आणि ती धनुर्धराच्या बाणांसारखे दोन प्रश्न टाकते. या वेळी याज्ञवल्क्य धमकी देत नाही. तो उत्तर देतो, आणि अक्षरतत्त्वाचे जे विवेचन त्या उत्तरात येते ते त्या उपनिषदातील अत्यंत उदात्त भागांपैकी एक आहे. गार्गी ते मान्य करिते आणि सभेस सांगते की, यास वादात कोणी जिंकणार नाही.

आता विचार करावा की, सभेने त्या दुसऱ्या वेळी अनुज्ञा दिली नसती तर नुकसान कोणाचे झाले असते? गार्गीचे झाले असते हे खरे. परंतु ते विवेचनही आपणांस मिळाले नसते. याज्ञवल्क्याकडून ते काढून घेणारा प्रश्नच विचारला गेला नसता. यावरून आम्ही पोषक स्थानाची पहिली कसोटी अशी ठरवितो: जेथे एकदा गप्प बसविल्या गेलेल्या माणसास दुसऱ्यांदा उठता येते, ती सभा पोषक. पहिल्या वेळी कोणी कठोर बोलणार नाही अशी जागा जगात नाही, आणि असली तरी ती विद्येची असेलच असे नाही. दुसरी वेळ मिळते की नाही, हे पाहावयाचे.

दुसरी कसोटी महाभारतातच मिळते. शांतिपर्वात सुलभा नावाची एक संन्यासिनी जनकाकडे येते. हा राजा आपण मुक्त झाल्याचे सांगत असे. तिने त्याची परीक्षा आरंभिताच तो तिच्या विचारांकडे न पाहता, तू कोणाची, कोठून आलीस, स्त्री असून असे वर्तन कसे करितेस, असे विचारू लागतो. सुलभा प्रथम बोलणे कसे असावे आणि कसे नसावे याचे शांतपणे विवेचन करिते, आणि मग दाखवून देते की ज्यास 'तू कोणाची' हा प्रश्न अजून पडतो तो मुक्त झालेला नाही. युक्तिवादाचे उत्तर युक्तिवादाने द्यावयाचे की बोलणाऱ्याच्या देहाने, कुळाने आणि लग्नाने, हा भेद तिने जितका स्वच्छ दाखविला तितका क्वचितच कोणी दाखविला असेल. ज्या विभागात मुलीच्या प्रबंधाऐवजी तिच्या लग्नाची चौकशी होते, तेथे सुलभेचा जनक अजून गादीवर आहे असे समजावे.

खानदेशास तर या बाबतीत दूर जावयाचेही कारण नाही. तापी आणि पूर्णा यांच्या संगमाजवळ चांगदेवाचे स्थान आहे, आणि त्याच परिसरात मुक्ताबाईचे. योगसिद्धीने वृद्ध झालेल्या चांगदेवाने बालवयीन मुक्ताबाईस गुरू मानिले, ही परंपरा येथील शेतकऱ्याच्या घरातही सांगितली जाते. ती कथा आपण भक्तीने सांगतो. परंतु तीत एक सामाजिक कबुलीही आहे, ती ही की, वय, लिंग आणि कीर्ती ही ज्ञानाची प्रमाणे नव्हेत. वारीस जाताना हे मान्य करणारा समाज विद्यापीठाच्या पायऱ्या चढताना ते विसरतो, हे आश्चर्य होय.

येथे एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. पोषक म्हणजे सौम्य, पोषक म्हणजे सवलतीचे, असे पुष्कळांस वाटते. आणि म्हणून बुद्धिमान मुलीस असे स्थान शोधणे कमीपणाचे वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी ऑक्सफर्ड येथे एलिझाबेथ अॅन्स्कम, फिलिपा फूट, मेरी मिड्ग्ली आणि आयरिस मर्डॉक या चौघी तत्त्वज्ञान शिकत होत्या. तरुण पुरुष बहुतेक लढाईवर गेलेले. वर्ग लहान झालेले. पुढे मिड्ग्लीबाईंनी लिहिले आहे की, त्या काळात स्त्रियांचे म्हणणे ऐकू जाणे सोपे झाले होते. त्यांच्या मते दोष पुरुषांच्या असण्यात नसून, एकमेकांस जिंकण्यासाठी वाद घालण्याच्या रीतीत होता. त्या चौघींस कोणी सोपे प्रश्न दिले नव्हते. अॅन्स्कम तर विसाव्या शतकातील कठोरतम युक्तिवाद करणाऱ्यांपैकी एक गणली जाते. त्यांस मिळाली ती केवळ ऐकून घेणारी सभा, आणि तेवढ्यावर नीतिशास्त्राची दिशा बदलली.

आपल्याकडील उदाहरण इरावती कर्वे यांचे घ्यावे. फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन त्या १९२६ साली पदवीधर झाल्या, मुंबईस डॉ. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकल्या, आणि १९२८ साली बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधनासाठी गेल्या. कवटीची विषमता वंशाशी निगडित असते, हे फिशर यांचे गृहीत होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, तसा संबंध त्यांस आढळला नाही, आणि त्यांनी तसेच लिहिले. मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध जाणारा प्रबंध परक्या देशात एकट्या स्त्रीने लिहावा, हे धैर्य असामान्य खरे. परंतु आमच्या दृष्टीने या चरित्रातील दुसरी गोष्ट तितकीच बोधप्रद आहे. त्यांच्या जर्मनीस जाण्याची कल्पना सासरे महर्षी कर्वे यांसही, म्हणजे ज्यांनी स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचले त्यांसही, रुचली नव्हती. पती दिनकर कर्वे ठाम राहिले म्हणून त्या गेल्या. सर्व स्त्रियांचे शिक्षण ही एक गोष्ट आणि आपल्या घरातील एका स्त्रीचा दूरचा प्रवास ही दुसरी. थोर पुरुषांच्याही मनात या दोहोंमध्ये अंतर पडते. तात्पर्य, पोषक स्थान विद्यापीठात शोधण्यापूर्वी ते घरात असावे लागते.

एवढी तत्त्वे सांगितल्यावर व्यवहाराकडे वळणे प्राप्त आहे. कारण मुलीस अर्ज भरावयाचा आहे, आणि अर्जास मुदत असते.

प्रथम मार्गदर्शकाचा विचार. संशोधनात विद्यापीठापेक्षा मार्गदर्शक अधिक महत्त्वाचा असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकास एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा आणि साहाय्यक प्राध्यापकास चार संशोधक घेता येतात. निवृत्तीस तीन वर्षांहून कमी अवधी उरलेल्यास नवीन विद्यार्थी घेता येत नाही. तेव्हा त्यांच्याकडे किती जागा भरल्या आहेत आणि निवृत्ती केव्हा आहे, हे विचारण्यात अविनय नाही. त्यांच्या हाताखाली किती जणींनी प्रबंध पुरा केला आणि किती वर्षांत, हेही विचारावे. आणि शक्य झाल्यास, जिने मध्येच सोडले अशा एखादीस भेटावे. पदवी घेऊन गेलेली विद्यार्थिनी विभागाविषयी कृतज्ञतेने बोलते. सोडून गेलेली सत्य बोलण्यास मोकळी असते. दोघींचे ऐकून मग मत बनवावे. आमच्या नात्यातील मुलीच्या वेळी आम्ही विभागाच्या कीर्तीची चौकशी केली होती, तेथून गेलेल्या मुलींची केली नव्हती.

दुसरा विचार अभ्यासक्रमाचा आणि वाचनाचा. ज्या यादीत गार्गीपासून आजवर एकाही स्त्रीचे लेखन नाही, ती यादी करणाऱ्यास ही उणीव दिसली आहे काय, हे पाहावे. महाराष्ट्रात हे काम झालेले आहे. मीना केळकर आणि दीप्ती गंगावणे यांनी भारतीय संदर्भातील स्त्रीवादावरील लेखांचा संग्रह २००३ साली संपादित केला; मुंबई विद्यापीठात अध्यापन केलेल्या कांचना महादेवन यांचा स्त्रीत्व, स्त्रीवाद आणि शुश्रूषेची नीती यांवरील ग्रंथ २०१४ साली निघाला. तसेच मातृभाषेत विचार करण्याची सोय आहे की नाही, हेही खानदेशातून जाणाऱ्या मुलीने अवश्य पाहावे. दे. द. वाडेकर यांनी संपादिलेला 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' १९७४ साली सिद्ध झाला. पुण्याच्या तत्त्वज्ञान विभागातून प्रा. सुरेंद्र बारलिंगे यांच्या पुढाकाराने 'परामर्श' हे मराठी त्रैमासिक सुरू झाले. इंग्रजी अस्खलित नाही म्हणून जीस चर्चेत गप्प बसावे लागते, तिची कोंडी दुहेरी असते. जो विभाग तिचा मुद्दा मराठीत ऐकून घेतो आणि मग इंग्रजीत लिहावयास शिकवितो, तो तीस दोनदा पोषक.

तिसरा विचार नियमांचा. नियम रूक्ष असतात, परंतु दुर्बलाचा मित्र नियमच असतो. वर उल्लेखिलेल्या नियमांत पीएच. डी. साठी सहा वर्षांची मर्यादा असून, पुनर्नोंदणीने आणखी दोन आणि स्त्रियांस त्यावर आणखी दोन वर्षे मिळू शकतात. संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूतीची वा बालसंगोपनाची रजा देता येते. आणि लग्नामुळे वा अन्य कारणाने गाव बदलल्यास संशोधन दुसऱ्या संस्थेत नेण्याची तरतूद आहे. लग्न ठरले म्हणजे संशोधन संपले, असे मानणाऱ्या घरांनी ही शेवटची तरतूद भिंतीवर लावून ठेवावी. अपमान वा छळ झाल्यास काय, याचेही उत्तर नियमात आहे. १९९७ च्या विशाखा निर्णयानंतर २०१३ साली कायदा झाला, आणि उच्च शिक्षणसंस्थांसाठी २०१५ चे स्वतंत्र विनियम निघाले. त्यांप्रमाणे प्रत्येक संस्थेत तक्रार समिती हवी, तिची अध्यक्ष ज्येष्ठ स्त्री हवी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया हव्यात, आणि कुलगुरू, कुलसचिव वा विभागप्रमुख यांनी तीत बसू नये. प्रवेशापूर्वी या समितीची नावे विचारून पाहावीत. नावे तत्काळ सांगणारे कार्यालय आणि 'असले काही आमच्याकडे होत नाही' असे सांगणारे कार्यालय, यांतील पहिले अधिक विश्वासार्ह.

वसतिगृह, ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे असते, शिष्यवृत्ती वेळेवर मिळते की नाही, या गोष्टी प्रत्येक बाप विचारतोच. त्यांवर अधिक लिहिण्याची गरज नाही. फक्त एवढेच सुचवितो की, मुलींच्या वसतिगृहाचे दार सातास बंद होते हे ऐकून बापास समाधान वाटत असेल, तर चर्चासत्र कितीस संपते हेही त्याने विचारावे.

आता त्या खोल प्रश्नाकडे येऊ. कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे क्षुल्लक नाही, की शहाण्या मुलींनी चांगली स्थाने निवडावीत आणि वाईट टाळावीत, असे केल्याने वाईट स्थाने वाईटच राहणार. मोठी नावे, मोठी ग्रंथालये, मोठ्या शिष्यवृत्त्या कित्येकदा तेथेच असतात. मग त्या पुरुषांसच सोडून द्यावयाच्या काय? कॉर्नेलिया सोराबजी यांनी पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातून उत्तम यश मिळविले, तरी स्त्री म्हणून विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती त्यांस नाकारण्यात आली. त्या मित्रांच्या साहाय्याने १८८९ साली ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ साली तेथील कायद्याच्या परीक्षेस बसल्या. स्त्रियांस पदवी देण्याचे ऑक्सफर्डने १९२० साली मान्य केले. त्या 'पोषक स्थान' शोधीत बसल्या असत्या तर ते दार केव्हा उघडले असते?

या आक्षेपात तथ्य आहे. ज्या स्त्रीस प्रतिकूल सभेत जाऊन ती पालटावयाची आहे, तिच्यापुढे आम्ही नम्र आहोत. परंतु धैर्य हा गुण आहे, ते कर नव्हे. एखादीने स्वेच्छेने पत्करलेले कष्ट पाहून ते प्रत्येकीवर बसविणे, हा न्याय नाही. अठरा-वीस वर्षांच्या मुलीवर एकाच वेळी शंकराचार्य समजून घेण्याचा, कांट वाचण्याचा आणि आपल्या शिक्षकांस सभ्यता शिकविण्याचा भार टाकावयाचा, आणि तिने तो सोडला की 'मुलींस हा विषय झेपत नाही' असा निष्कर्ष काढावयाचा, ही रीत एकचक्रेतील पाळीहून फारशी वेगळी नाही. त्या नगरीचेही असेच चालले होते. दररोज एक घर, एक गाडा, एक माणूस. आणि बाकीचे नागरिक आपली पाळी नाही म्हणून निश्चिंत. बकासुर हटत नव्हता, कारण त्याच्याकडे नेहमी तेच जात होते ज्यांस तो खाऊ शकत होता.

ती पाळी मोडली कशाने? ब्राह्मणाच्या कन्येने धीटपणे जाऊन नव्हे. कुंतीने आपल्या घरातील सर्वांत बलवान मुलास उठविले. ज्याचे बकासुर काही करू शकत नव्हता तो गाड्यावर बसला, तेव्हा नगरी मुक्त झाली. आजच्या विद्यापीठांत हे बळ कोणापाशी आहे? ज्यांची नोकरी कायम आहे, ज्यांच्या सहीने प्रवेश होतो, जे चर्चासत्राचे अध्यक्ष असतात, त्यांच्यापाशी. अर्ध्यावर तुटलेले वाक्य पुरे करू द्या, असे अध्यक्षाने म्हणण्यास काय लागते? हा मुद्दा आधी तिने मांडला होता, एवढे सांगण्यास शेजारच्या विद्यार्थ्यास किती शौर्य लागते? सभा सुधारण्याचा भार सभेतील समर्थांवर आहे. तीत नव्याने पाऊल टाकणारीवर नाही. तिचे कर्तव्य आपली विद्या पुरी करणे हे आहे, आणि त्यासाठी तिने पोषक भूमी शोधली तर ती पळ काढीत नाही; शेतकरी बी पेरण्यापूर्वी जमीन पाहतो, इतकेच. पुढे तीच समर्थ होईल, तेव्हा सभेचा भार तिच्याही खांद्यावर येईल, आणि तो तिने टाळू नये.

नाव की पोषण, या वादाचाही निकाल यातच आहे. ज्या मोठ्या नावाच्या ठिकाणी दुसऱ्यांदा उठता येते तेथे खुशाल जावे. जेथे येत नाही, तेथील मोठे नाव तीस मिळणारच नाही. ते आधीच तेथे असलेल्यांचे आहे. आणि जवळची जागा केवळ जवळची म्हणून निवडू नये. घराची जवळीक ही विद्येची कसोटी असती, तर अमळनेरच्या मंदिरात बंगालचे पंडित आले नसते.

एरंडोलच्या त्या मुलीस आम्ही शेवटी कोणत्याही विभागाचे नाव सांगितले नाही. मागील चूक पुन्हा करावयाची नव्हती. आम्ही तीस एवढेच सुचविले की, मनात असलेल्या ठिकाणी अर्ज करण्यापूर्वी एकेक दिवस जावे, अनुज्ञा घेऊन चर्चेस मागच्या बाकावर बसावे, आणि वक्ता काय म्हणतो यापेक्षा ज्यास गप्प बसविले त्याचे पुढे काय होते, हे पाहावे. वडिलांस विचारिले की, हा प्रवास तिच्या मनाप्रमाणे होऊ द्याल ना? ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी बरोबर जाईन, पण आत ती एकटी बसेल." आम्हांस ते उत्तर पुरेसे वाटले. एकचक्रेच्या त्या घरात कन्येने आपल्या त्यागाचे विधान मांडिले तेव्हा सर्व जण रडले, असे महाभारत सांगते. हे विधान तुला कोणी दिले, असे तीस कोणीही विचारिले नाही. आपल्या घरातील मुलगी तत्त्वज्ञान शिकावयास निघाली असता आपणांस निदान तेवढे तरी विचारता यावे, आणि तिने उलट प्रश्न केला तर तो दुसऱ्यांदाही ऐकून घेता यावा.